मारोतीच्या लोकरीतलं डांबर

पोतं उलटं केलं, पण लोकर खाली पडली नाही. मी पोत्याला दोन लाथा घातल्या. तेव्हा आतून पोत्याच्याच आकाराचा एक गोळा निघाला आणि जमिनीवर उभा राहिला.

"हे काय आहे, मारोती?"

"लोकर हाय की, बाई."

"आणि हे काळं?"

"निशाणी हाय ती!" पेडगावचा मारोती ऐटीत म्हणाला. "दरसाली गेरू लावत व्हतो. पावसात धुऊन जायचा, मपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात घुसायची अन् भांडणं व्हायची. औंदा रस्त्याच्या कामावरचं उरलेलं डांबर लावलं. लय पाऊस झाला, पण निशाणी जागची हलली न्हाई."

"ती आताही हलायची नाही. तोच घोळ आहे."

त्याची बायको गिरजाबाई दुसऱ्या पोत्यावर बसली होती. "मी म्हनलं व्हतं, कानाला लावा. न्हाई, ह्यास्नी पाठीवरच पायजे! साऱ्या शिवारातून दिसाया पायजे म्हनं."

हैदराबाद राज्यात, परभणीला असलेलं आमचं लोकर केंद्र लहानसं होतं. मेंढपाळांकडून कातरलेली लोकर घ्यायची, धुऊन-पिंजून तिचं सूत काढायचं आणि विणकरांना द्यायचं. मी तिथे टेक्निकल असिस्टंट होते. सरकारी दवाखान्याची पांढऱ्या ब्लँकेटांची ऑर्डर होती आणि पांढरी लोकर एकट्या मारोतीकडे होती. शनिवारी दवाखान्याचे डॉक्टर लोकर पाहायला येणार होते. तो दिवस मंगळवार. मारोतीची सालभराची लोकर त्या तीन पोत्यांत होती. रिजेक्टचा शिक्का बसला असता तर बाजारात तिला कोणी हात लावला नसता. लावला असता तर तो सुटला नसता.

डागाळलेली लोकर कापून टाकणंही शक्य नव्हतं. ऑक्टोबरच्या उन्हात पोती गच्च भरून ठेवली होती. डांबर पातळ होऊन सगळीकडे फिरलं होतं.

आमचे सुपरिंटेंडेंट देशपांडेसाहेब निजामाच्या दफ्तरात मुरलेले. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"उकळा, बाई."

"साहेब, पाण्यानं डांबर जात नाही."

"थंड पाण्यानं जात नसेल. उकळत्या पाण्यापुढं कशाची मजाल नाही. माझा तीस वर्षांचा तजुर्बा आहे."

हुकूम तो हुकूम. अर्धं पोतं लोकर हंड्यात टाकली, वर धुण्याचा सोडा घातला. साहेब स्वतः काठी घेऊन ढवळू लागले. डांबर वितळलं आणि जिथे नव्हतं तिथेही पोचलं. शिवाय लोकर उकळून घुसळली की तंतू एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा, म्हणजे न विणलेला घट्ट थर, होतो. हंड्यातून एक काळपट, जाड गादी निघाली. साहेबांनी ती बोटानं दाबून पाहिली.

"मजबूत आहे," ते म्हणाले.

गिरजाबाईनं कपाळावर हात मारला. "साहेब, आता ह्याच्यात झोपावं का ह्याच्यावर?"

साहेबांना तातडीचं टपाल आठवलं आणि ते आत गेले.

पाण्याचं काय चुकलं, ते सांगते. पाण्याच्या प्रत्येक रेणूला दोन बाजू असतात. एका बाजूला किंचित ऋण भार, दुसरीला किंचित धन. म्हणून हे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि मिठासारख्या भार असलेल्या पदार्थांना चटकन आपल्यात घेतात. डांबर, रॉकेल, मेण हे मात्र हायड्रोकार्बन. म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. त्यांच्यात भार जवळजवळ सारखा वाटलेला असतो. पाण्याला धरायला तिथे काही सापडत नाही. पाणी कितीही तापवा, ही अडचण राहतेच.

म्हणून मी मूठभर लोकर रॉकेलमध्ये बुडवली. अर्धं डांबर सुटलं, अर्धं तपकिरी होऊन तिथेच राहिलं.

"गेलं की ओ!" मारोती म्हणाला.

"अर्धं गेलंय. अर्धं ब्लँकेट दवाखाना घेत नाही."

दोन्ही हायड्रोकार्बन, मग हे असं का? फरक बांधणीचा. रॉकेलमधले बहुतेक रेणू साखळ्यांसारखे, लांब आणि लवचिक. मारोतीनं लावलेलं डांबर दगडी कोळशापासून काढलेलं. त्यातले रेणू बांगड्यांसारख्या गोल कड्यांचे, चपटे, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेले. साखळ्या ती चवड पुरती उकलू शकत नाहीत. तिथे कड्यांचाच पदार्थ लागतो. बेंझीन उत्तम, पण परभणीत पिंपभर बेंझीन मला कोण देणार?

विचार करत मी गोदामात गेले आणि दारातच नाकाला झिणझिण्या आल्या. लोकरीला कसर लागू नये म्हणून आम्ही डांबरगोळ्या ठेवत असू. त्या नॅप्थलीनच्या. त्याच कोळशाच्या डांबरातून निघणारं, दोन जोडलेल्या कड्यांचं हायड्रोकार्बन! डबा भरलेला होता.

गोळ्या कुटल्या आणि उन्हात ठेवलेल्या रॉकेलमध्ये विरघळवल्या. विडी ओढणाऱ्या सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं, त्यात मारोतीही गेला. त्या मिश्रणात लोकर बुडवली. पाच मिनिटांत मिश्रण काळं झालं आणि लोकर पांढरट. मग कोमट पाण्यात रिठा. रिठ्याच्या फेसातल्या रेणूचं एक टोक तेलकटाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून रॉकेल पाण्याबरोबर निघून जातं. असं तीन दिवस चाललं. गिरजाबाई पदर खोचून बसली आणि दर पिळ्याला नवऱ्याचा उद्धार करत राहिली. तो फाटकाबाहेरून "ऐकू यायलंय!" म्हणून ओरडायचा.

शनिवारी डॉक्टर आले. लोकर दोन्ही बाजूंनी पाहिली, ओढून पाहिली. मग नाकाशी नेली.

"हा वास कसला?"

मारोतीनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे.

"डांबरगोळ्या," मी म्हणाले. "आणि थोडं रॉकेल. उन्हात आणखी आठवडाभर ठेवली की रॉकेलचा वास जाईल. डांबरगोळ्यांचा मात्र थोडा राहील."

"राहू द्या! मागच्या खेपेची ब्लँकेटं कसरीनं खाल्ली. पेशंटपेक्षा कीडच जास्त पांघरूण घ्यायची. पास!"

मारोती मटकन पोत्यावर बसला. गिरजाबाईनं त्याला उठवलं. "बसू नका. चिकटाल."

रिपोर्ट देशपांडेसाहेबांनी लिहिला: 'उष्ण जलप्रक्रियेने डाग समूळ दूर करण्यात आले.' मी तो दोनदा वाचला आणि सही केली, कारण त्याखालच्याच ओळीत मारोतीची अडीच पोती लोकर मंजूर झाली होती. नमदा साहेबांनी आपल्या खुर्चीवर घातला. उन्हाळ्यात त्यांच्या धोतराचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

पुढे माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट शिकवली. डाग कशाचा आहे ते आधी विचारा, चूल नंतर पेटवा. रॉकेल हातात असेल तर पेटवूच नका.