पाठमोरी आपा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि चौथीच शिकल्यामुळं चुकाही होतील, त्याची आधीच माफी मागते. ही वही तशी मी कुणाला दाखवणार नाही.

औरंगपुऱ्यात आम्ही अकरा जणी शाळेचे ड्रेस शिवतो. मालकीणबाईंना सगळ्या आपा म्हणतो. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून कापड बेततात, पण नुसत्या मशीनच्या आवाजावरून कुणाचं मन ठिकाणावर नाही ते ओळखतात.

सुट्टीचं कारण फळ्यावर लिहावं लागतं. आम्ही ताप नाहीतर पोटदुखी लिहायचो. एका सोमवारी आपांनी स्वतःच्या नावापुढं लिहिलं, 'मन बरं नाही, डॉक्टरकडं जाते.'

"आपा, लोक येडी म्हणतील ना!" काजं करणारी मावशी हसली.

"म्हणू दे. मशीनला तेल घालतो, मग डोक्यानं काय गुन्हा केला?"

तेव्हा मला महिनाभर झोप नव्हती. वीस शर्टांना मी कॉलर उलट्या लावल्या होत्या आणि काम जाईल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भीत भीत मीही फळ्यावर तेच कारण लिहिलं. आपांनी काही विचारलं नाही. डॉक्टरची फी हातात ठेवून म्हणाल्या, "उसने हैं, खैरात नाय."

आता मला गाढ झोप लागते. काल त्यांना शेवटचे शंभर रुपये दिले आणि मशीनवर बसले.

"पूरे हो गए," आपा पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि मशीन बी लई झ्याक चाललीय गं तुझी!"