नानांच्या पाटावर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

मी धुळ्याचा, देवपूरचा. लहान विमानं चालवतो, जळगावहून मुंबईला रुग्ण नेतो. त्या दुपारी अमळनेरच्या नानांना न्यायचं होतं. हृदय थकलेलं, नाकाला ऑक्सिजन. सोबत डॉक्टर, प्रवासाला हरकत नसल्याचा दाखला — सगळं होतं. नानांच्या बायकोने, अक्कांनी, नव्या ट्रॅक्टरला लावावं तसं विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. माझी बोली ऐकून त्यांना धीर आला. म्हणाल्या, “भाऊ, तू आपलाच शे. आते मना जीवले घोर नही.”

घोर मला लागला होता.

नाना वरच गेले तर? विमानात काही झालं की पहिला जाब कॅप्टनला. पोलीस, चौकशी — आणि मोठ्या कंपनीतली माझी मुलाखत तोंडावर आलेली. इतक्या आजारी माणसाला नाकारायचा अधिकार मला होता. पण सरळ नाकारलं असतं तर आमच्या कंपनीने दुसरा कॅप्टन पाठवला असता. तो त्यांना घेऊन गेला असता आणि मी भित्रा ठरलो असतो.

म्हणून मी — कसं सांगू? — मी म्हणालो, मुंबईचं हवामान बिघडलंय, आज कुणीच उडणार नाही. कॅप्टनने हवामान म्हटलं की कोण उलटून विचारतं? त्यांनी दुसरं विमान शोधलंच नाही. ते रस्त्याने निघाले. मी फडक्याने कुंकू पुसलं.

चांदवडच्या अलीकडेच नाना गेले.

विमानात वाचले असते? माहीत नाही. ते कळायची सोयच मी ठेवली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घागर भरतात आणि गेलेल्याच्या नावाने कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतात. अक्का भाऊबंद सोडून मला बोलावतात. हा हवामानाचं खरं बोलला म्हणून आपण बाकीचे तरी वाचलो, असं पंगतीत सांगतात. पहिल्या वर्षी ठरवून गेलो होतो, आज बोलून टाकायचं. अक्कांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खापरावरची पुरणपोळी मोडली, आमरसात बुडवली आणि खाल्ली.

दर आखाजीला जातो. नानांच्या पाटावर बसतो, अक्का वाढतील तेवढं जेवतो.

त्या दुपारी मुंबईचं आकाश स्वच्छ होतं.