निकाल न लागलेली कुस्ती

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. अजूनही त्याचा विषय निघाला की माझा चहा गार होतो आणि बायको म्हणते, "झालं, आता हे काही उठत नाहीत." नाव कुणाचंच देणार नाही. ती माणसं आपापल्या गावी सुखात आहेत, तिथंच राहू देत.

तेव्हा मी साताऱ्याच्या पूर्व भागात, म्हसवडकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमची हद्द संपली की सांगली जिल्हा लागायचा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवर सुटली होती. कुठला कोण जाणे, एकच व्हिडिओ, पण प्रत्येक गावाला तो आपल्याच वेशीवरचा वाटे. लोक चादरी विकणाऱ्याला धरत, भंगारवाल्याला धरत. एकदा तर विम्याचा एजंट धरून आणला. मी रोज अफवेवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगत होतो, आणि लोक माझ्या समोर मान डोलवून घरी जाऊन तोच व्हिडिओ पुढे पाठवत होते.

एका सकाळी हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, शाळंजवळ एकाला धरलाय. लवकर या, पोरं सोडत न्हाईत त्याला." हे पाटील उगाच फोन करणाऱ्यातले नव्हते. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून हाताशी होते तेवढे कर्मचारी घेतले आणि निघालो.

शाळेच्या भिंतीलगत, लिंबाच्या झाडाला त्यांनी एका माणसाला बांधलं होतं. दाढी छातीपर्यंत, अंगात फाटकं जर्किन, ओठ फुटलेला. वय साधारण माझ्याएवढं. जमावाशी बोलत बसायचं नसतं, हे मी फार लवकर शिकलो होतो. त्यातला सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा हेरायचा आणि त्याला काम द्यायचं. तिथं एक तगडा बागायतदार घसा फोडून ओरडत होता. मी त्याला म्हटलं, "तू पहिला साक्षीदार. सोड त्याला, आणि गाडीत पुढं बस. जबाब घ्यायचाय." काम मिळाल्यावर त्याचा आवाज उतरला. त्याच्या हातूनच दोर सोडवून घेतला आणि गाडी काढली.

पण गावही मागोमाग आलं. आम्ही दवाखान्यातून मेडिकल करून परतलो तर फाटकाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. बागायतदारानं जबाबात एकच मुद्दा धरला होता. "नाव सांगत न्हाई, गाव सांगत न्हाई. म्हंजे चोरच की, साहेब. सरळ माणूस नाव कशाला लपवील?"

ज्या शाळकरी मुलाला तो पळवत होता असं गाव म्हणत होतं, त्याला महिला पोलिसांनी आईजवळ बसवून हळूहळू विचारलं. त्या माणसानं मुलाला उचललं नव्हतं, खाऊ दिला नव्हता, ये म्हटलं नव्हतं. शाळेच्या वाटेवर, चारचौघांसमोर त्यानं मुलाचा दंड चाचपला, मानेवर थाप मारली. पुढे काय, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणलं, दूध पीत जा."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी उठून त्या माणसाजवळ गेलो आणि त्याचे केस बाजूला केले. दोन्ही कान चुरगळून बसलेले. तालमीच्या मातीत वर्षानुवर्षं घासल्याशिवाय असे कान होत नाहीत. मी हवालदारांना हाक मारली. "बघा, पैलवान आहे हा. वस्ताद नवीन पोरगं आलं की काय करतो?"

हवालदार पुढं आले, कान पाहिले आणि हसले. "दंड बघतो, मान बघतो, अन् दूध पी म्हणतो. साहेब, ह्या गुन्ह्यात धरायचं तर कोल्हापूर-सांगलीच्या निम्म्या वस्तादांस्नी आत घालावं लागंल."

आम्हाला उलगडा झाला, पण फाटकाबाहेरच्यांना होईना. पैलवान आहे तर कुठला? कोणाचा? त्यांचंही बरोबर होतं. मिसिंगच्या नोंदी पाहिल्या, फोटो शेजारच्या ठाण्यांना पाठवले. कुणी ओळख पटवली नाही. डॉक्टर म्हणाले होते की मार वरवरचा आहे, पण मनाचं दुखणं जुनं आहे, उपचार लागतील. त्याला मनोरुग्णालयात पाठवायचं तर बेवारस म्हणून पाठवावं लागणार होतं. सोडून द्यावं तर त्या दिवसांत पुढच्या गावाचं झाड त्याची वाट पाहत होतं, आणि तिथं पोलीस पाटील वेळेवर फोन करतीलच असं नाही. त्याचं घर सापडणं हाच त्याच्या जिवाचा जामीन होता.

मी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. नाव विचारलं की तो खांदे आवळून घेई. गाव विचारलं की दोन्ही हात डोक्यावर. माझ्या ध्यानात आलं: जिथं जिथं त्याला मार पडला असेल तिथं तिथं आधी हेच दोन प्रश्न विचारले असणार. पोलिसांच्या चौकशीची सुरुवातही याच प्रश्नांनी होते. म्हणजे मी त्याला आणखी मिटवत होतो.

आता माझी एक जुनी सवय सांगतो. समोरचा माझ्या वयाचा असला आणि तोंड उघडत नसला, की मी कागद-पेन बाजूला ठेवून विचारायचो, "पंतप्रधानांना गोळ्या घातल्या त्या दिवशी तू कुठं होतास रं?" आमच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे याचं उत्तर आहे. आम्ही तेव्हा शिकत होतो, कुणी शाळेत, कुणी कॉलेजात, आणि तो दिवस आम्हा सगळ्यांच्या आयुष्यात एकदमच आला. अट्टल घरफोड्यानंसुद्धा मला हे उत्तर दिलेलं आहे. नाव खोटं सांगितलं, पण हे खरं सांगितलं. कारण हा प्रश्न पोलिसाचा वाटत नाही.

तोच प्रश्न मी त्याला विचारला.

तो कपाकडे पाहत राहिला. मग खांदे सैल झाले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मैदानात."

हवालदारांनी हातातली फाइल सावकाश खाली ठेवली.

"कुठल्या मैदानात?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. तो पुन्हा मिटू लागला. मी घाईनं म्हटलं, "ते ऱ्हाऊ दे. कुस्ती होती व्हय?"

"शेवटची. कॉलेजला सुट्टी व्हती, दिवाळीची." थोडा थांबून म्हणाला, "लय येळ चालली जोड. मी पट काढला व्हता, पाय धरला व्हता त्याचा. एक जण रेडिओ घिऊन पळत आला. वस्तादांनी हात वर केला. म्हणलं, सोडा रं, सोडा. पंतप्रधान गेल्या."

"मग निकाल?"

"न्हाई लागला. चांदीची गदा व्हती. कुणालाच न्हाई दिली."

एवढं बोलून त्यानं चहा प्यायला. मी मात्र खोलीबाहेर अक्षरशः धावलो. त्या वयात मला धावताना पाहून गेटवरचा शिपाई बंदूक सावरून उभा राहिला.

पोलीस पाटलांचे मोबाइलवर गट असतात. साताऱ्याच्या गटांवर मी लिहिलं, सांगलीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना तिकडच्या गटांवर टाकायला सांगितलं. या वेळी फोटो पाठवला नाही. चेहरा कुणाला ओळखू येत नव्हता. फक्त विचारलं, पंतप्रधान गेल्याची बातमी आली म्हणून शेवटची कुस्ती अर्ध्यात सोडवली, ते मैदान कुठल्या गावचं?

आणि काय सांगू, फोन थांबेनात! जो तो सांगे, आमच्याच गावचं. कुणाची बैलगाड्यांची शर्यत थांबली होती, कुणाचा तमाशा. एक पाटील तर म्हणाले, "माझं लगीन थांबलं वो साहेब, अंगाला हळद लागली व्हती."

मी म्हटलं, "पाटील, दिवाळी नुकतीच झाली होती. तुळशीचं लग्न लागायच्या आधी तुमचं कसं लागत होतं?"

मग हळूच आवाज आला, "मग ते दुसऱ्या कुणाच्या टायमाला आसंल."

माणूस दिवस विसरत नाही, पण त्यात आपली एखादी गोष्ट आणून बसवतो. मी प्रश्न बदलला. कुणालाच न दिलेली चांदीची गदा कुठल्या गावात आहे?

आता फोन थांबले, आणि मला वाटलं संपलं. दुपार कलताना एकच आला, विट्याच्या बाजूच्या एका गावाहून. "साहेब, गदा आमच्या देवळात हाय. दरसाल दिवाळीच्या मैदानाला भायेर काढतो, पुजतो, परत ठेवतो. निकालच लागला न्हाई तर द्यायची कुणाला?"

"त्या जोडीतले पैलवान?"

"एक हितंच हाय, तालीम चालवतोय. दुसरा गलाईच्या कामाला उत्तरंत गेला, सोनं-चांदी गाळायला. एक दिवस दुकानातनं भायेर पडला तो पडलाच. लय हुडकला."

मी टेबलावर हात आपटला. सगळं ठाणं माझ्याकडे पाहू लागलं.

ते दोघं दिवस मावळायच्या आत आले: त्याचा थोरला भाऊ, लष्करातून निवृत्त झालेला, आणि त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी. फाटकाबाहेरचं गाव अजून तिथंच होतं. मी मुद्दामच त्या माणसाला अंगणात आणलं. सगळ्यांसमोर होऊ दे, म्हटलं.

भाऊ जवळ गेला. खूप वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, खोटं कशाला बोलू. मला वळखू येत न्हाई. त्यो लय देखणा व्हता."

बागायतदार फाटकातून म्हणाला, "बघा!" दिवसभराची सगळी धावपळ मातीत गेली असं वाटलं.

तेवढ्यात तो दुसरा पुढं सरकला. पोट सुटलेला, गुडघ्यानं लंगडणारा वस्ताद. त्यानं वहाणा काढल्या, अंगणातली चिमूटभर माती उचलली आणि काही न बोलता उजवा हात पुढं केला. कुस्तीच्या आधीची सलामी.

दाढीवाला त्या हाताकडे पाहत राहिला. मग वाकला, माती घेतली, कपाळाला लावली, आणि त्यानं हात दिला तो डावा. पाय आपोआप मागं-पुढं पडले, कंबर खाली गेली. थकलेलं ते शरीर क्षणात मैदानात उभं राहिलं.

वस्तादाला रडू आवरेना. "त्योच हाय! आवं, डाव्या हातानं सलामी देतो म्हणून लय मार खाल्लाय ह्यानं आमच्या वस्तादांचा. गड्या, हुतास कुठं रं इतकी वरसं?"

भावानं त्याला मिठी मारली. फाटकाबाहेर आधी कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. माझा साक्षीदार पागोटं काढून उभा होता. त्या तिघांना विट्याकडे सोडायला त्यानं स्वतःची जीप दिली, आणि चालवायलाही स्वतः बसला.

मी स्टेशन डायरीत सकाळच्या नोंदीखाली लिहिलं, ओळख पटली, भावाच्या ताब्यात दिला. शपथेवर सांगतो, नोकरीत मेडल मिळालं त्या दिवशीसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. तू कोण, असं विचारलं की माणूस दार लावून घेतो. तू कुठं होतास, असं विचारलं की तो तुम्हाला तिथं घेऊन जातो. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत असतो. ते ऐकून घेतात आणि पुन्हा मोबाइलच्या लोकेशनकडे वळतात.

पुढच्या दिवाळीत गावानं मला मैदानाला बोलावलं. औषधं सुरू झाली होती, दाढी गेली होती, माणूस खरंच देखणा होता. पंचांनी गदा बाहेर आणली आणि दोघांना विचारलं, आता काय करायचं? वस्ताद म्हणाला, ह्याला द्या. तो मात्र मान हलवत म्हणाला, "कुस्ती राह्यलीया अजून." गदा पुजली आणि पुन्हा देवळात ठेवली.

जेवताना तो माझ्या शेजारी बसला होता. खाली मान घालून जेवत होता. मग अचानक वळला. "साहेब, तुमी कुठं व्हता त्या दिवशी?"

माझा घास हातातच राहिला. आख्ख्या नोकरीत मी हा प्रश्न किती जणांना विचारला, पण मला तो कुणीच विचारला नव्हता. मी त्याला सांगितलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीला घरी आलो होतो, उसाला पाणी पाजत होतो. वडील रेडिओ घेऊन बांधावर आले आणि मटकन खाली बसले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि काय करावं ते न कळून नुसता फावडं धरून उभा राहिलो.

त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग माझा दंड चाचपला, मानेवर थाप मारली आणि माझ्या पुढ्यात दुधाचा पेला सरकवला.