राजाभाऊंची निवृत्ती आणि माझा फ्लेक्स

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या मेव्हण्यांनी चहा थेट नाकातून काढला होता. नवाकोरा पांढरा शर्ट गेला, आणि त्याचं खापर अजून माझ्या डोक्यावर आहे.

तर मंडळी, मी एका धडधाकट माणसाला भर चौकात निवृत्त केलं. त्याला न विचारता! कसं, ते ऐका.

आम्ही धायरीत राहतो. दर रविवारी सकाळी तिघं सायकली काढतो. मी, पोकळे अण्णा आणि मंदार. अण्णा मूळचे धायरीचे. आमची सोसायटी जिथे आहे तिथे पूर्वी त्यांचं कांद्याचं शेत होतं, आणि ते आम्हाला हे विसरू देत नाहीत. "साठेसाहेब, तुमच्या बेडरूमच्या खाली आमची हीर व्हती," असं ते चारचौघांत सांगतात. मंदार आयटीतला. त्याच्या सायकलीला काय काय जोडलंय ते त्यालाच ठाऊक, पण चढ आला की तोही आमच्यासारखाच उतरून ढकलतो. खडकवासल्यापर्यंत जायचं, धरणात पाणी किती आहे ते बघायचं, त्यावर मत द्यायचं आणि परत फाट्यावर येऊन अमृततुल्यात बसायचं. सायकल थोडी, चहा फार.

आणि चहाला विषय एकच. राजाभाऊ!

राजाभाऊ आमच्या धायरीचा. खरा, पगारी, व्यावसायिक सायकलपटू. बेंगळुरूच्या एका टीमकडून देशभर शर्यती मारतो. वय अडतीस, म्हणजे या धंद्यात आजोबाच. तो घाटात पुढे गेला की इकडे फोनसमोर बसून दम आम्हाला लागतो. त्याचं काय चाललंय, पुढे काय होणार, याची काळजी त्याच्या बायकोपेक्षा आम्हाला जास्त.

"यंदा त्याने केलं काय, मला सांगा," त्या रविवारी मी सुरुवात केली. आमच्यात विश्लेषण माझ्याकडे असतं. नेमणूक मीच केली आहे.

"काका, ओव्हरऑल सीझन डाउनच आहे," मंदार म्हणाला. "एकदा थर्ड आला. बाकी नथिंग."

"आरं, पण नाशकाला पडला न्हाई का तो? खांदा निखळला व्हता त्याचा!" अण्णा.

"खांदा कधीच बरा झाला, अण्णा. परवाचं बघितलंत ना? परवा काय केलं त्याने?"

परवाची शर्यत आम्ही मंदारच्या फोनवर पाहिली होती. राजाभाऊ चांगला पुढे होता. मध्येच मागे आला, टीमच्या गाडीपाशी गेला, जर्सीत पाठीपोटाशी पाण्याच्या बाटल्या कोंबल्या आणि पुन्हा पुढे जाऊन टीमच्या तरण्या पोरांना वाटल्या. शर्यत त्यातल्याच एका पोराने जिंकली. राजाभाऊ कितवा आला, ते कॅमेऱ्यानेसुद्धा दाखवलं नाही.

"पाणक्या केला हो त्याला!" मी टेबलावर हात आपटला. "ज्या माणसाने एकेकाळी सगळा घाट एकट्याने फोडला, त्याच्याकडून पाणी वाटून घेतात? संपलं. आता घरी बसवणार त्याला."

"आसं अभद्र नका बोलू. पोरगं अजून वाघ हाय," अण्णा म्हणाले. पण त्यांनी दुसरा चहा सांगितला नाही. यावरून ओळखा.

इथवर ठीक होतं. चहावरचं मत चहाच्या कपात राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात मी मार्केट यार्डात गेलो. सोसायटीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ करायचा होता, म्हणून गुळाच्या गाळ्यांकडे वळलो, आणि बघतो तर समोर राजाभाऊ! दोन ढेपा गूळ, शेंगदाण्याचं भलं मोठं पोतं, डिंक, खारका, सगळं टेम्पोत चढवतोय. मी चटकन बटाट्याच्या पोत्यांमागे लपलो.

"ओ साहेब, सरका की! का पोत्यात भरू?" एक हमाल ओरडला.

आता तुम्ही म्हणाल, लपायचं कशाला? सरळ पुढे जाऊन विचारायचं की, राजाभाऊ, एवढा गूळ कशाला? अहो, विचारून कळलं तर त्यात आपली अक्कल ती काय? मी तिथेच, बटाट्यांच्या आडून, निष्कर्ष काढला. राजाभाऊ चिक्कीचं दुकान टाकतोय. सायकल सोडली त्याने!

घरी पोचायच्या आत मी ते आमच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर धायरीतले निम्मे सायकलवाले आहेत, आणि सायकल नसलेले त्याहून जास्त. मंदारने लगेच 'एंड ऑफ ॲन एरा' लिहून रडणारे चेहरे टाकले. मग काय विचारता! कुणाला तो फाट्यावर रिकामा गाळा बघताना दिसला होता. कुणाला त्याचं पोट सुटल्यासारखं वाटलं होतं. एकाने तर दुकानाचं नावही सुचवलं. संध्याकाळपर्यंत राजाभाऊ निवृत्त झाला होता, फक्त त्याला सांगायचं राहिलं होतं.

"एकदा इचारावं का त्याला?" अण्णांनी मला फोन केला.

"अण्णा, दुखऱ्या जागी बोट लावू नये. त्याला बिचाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगायला लावायचं? त्यापेक्षा आपणच मानाने निरोप देऊ."

ठरलं. रविवारी सकाळी नऊ वाजता चौकातल्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सत्कार. शाल, श्रीफळ, आणि भेट म्हणून आरामखुर्ची! झुलणारी, शिसवी, वेताची बैठक असलेली. ही कल्पना माझी. वीस वर्षं त्या सुपारीएवढ्या सीटवर बसलेल्या माणसाला आणखी काय हवं असणार, सांगा?

मी राजाभाऊला फोन केला. "रविवारी नऊला देवळात ये. घरगुती कार्यक्रम आहे. जास्त विचारू नकोस."

"येतो की, साठेसाहेब. पण त्या दिवशी माझ्याकडं पाहुणे हायेत. बरोबर आणले तर चालतील?"

"अरे, आण की! जेवढे लोक तेवढी शोभा!"

रविवार उजाडला. आम्ही चौकात फ्लेक्स लावला. या खांबापासून त्या खांबापर्यंत. मी कमरेवर हात ठेवून बघत उभा होतो, तेवढ्यात माझी बायको नीता आरतीचं ताट घेऊन आली. तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सत्कार कुणाचा आहे?"

"अगं, राजाभाऊंचा."

"मग ते कुठे आहेत?"

"ते काय, उजवीकडे."

आता आपल्याकडे फ्लेक्सची एक पद्धत असते, ती काही मी पाडलेली नाही. ज्याला शुभेच्छा त्याचा फोटो बेताचा, जो शुभेच्छुक त्याचा भरघोस. त्यामुळे मधोमध मी होतो. हेल्मेट, गॉगल, मंदारची सायकल, आणि चेहऱ्यावर घाट जिंकल्याचे भाव. डावीकडे हातभर अक्षरांत 'निवृत्तीबद्दल हार्दिक शुभेच्छा'. आणि अगदी उजव्या टोकाला, बसच्या पासावर असतो तेवढा, राजाभाऊ आणि त्याचं नाव.

"छान," नीता म्हणाली. "भिंग आणायला हवं होतं."

नवाला थोडा अवकाश होता. माझा फोन वाजला. राजाभाऊ!

"साठेसाहेब, निघालोय. बरोबर आमचे टीमचे मॅनेजर हायेत, कुरियन सर. मला पुढच्या सीझनला ठेवायचं का न्हाई, ते आज ठरणार. घर बघायला आलेत, म्हटलं गावातली माणसंपण भेटवावी. माझ्याबद्दल दोन शब्द बरे बोला, काय?"

"पुढच्या सीझनला?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अरे, मग तो मार्केट यार्डातला गूळ?"

"त्यो व्हय? टीमच्या क्याम्पला लाडू करतीय आई. ती परदेशी पाकिटातली चिकट जेली पोरांना पचत न्हाई. पण तुम्हाला कसं कळलं?"

मी फोन ठेवला. अडतिसाव्या वर्षी, खांदा निखळून पुन्हा उभा राहिलेला माणूस, त्याची पुढची सगळी स्वप्नं आज एका माणसाच्या हो-नाहीवर लटकलेली. आणि तो हो-नाही म्हणणारा आता चौकात येऊन वर बघणार, आणि वर काय लिहिलंय? त्याच्या स्वतःच्या गावानेच लिहिलंय!

"फ्लेक्स काढा!" मी किंचाळलो. "अण्णा, फ्लेक्स! तो निवृत्त नाहीये!"

"मी म्हनलं व्हतं!" अण्णा शिडीकडे धावता धावता म्हणाले. "इचारा म्हनलं व्हतं!"

अण्णांनी उजव्या खांबावर चढून दोरी सोडली. मंदार डाव्या खांबावर चढला. पण डावीकडची गाठ त्यानेच मारली होती, आणि तो कॉलेजात असताना गिर्यारोहण शिकलाय. "काका, ही सेफ्टी नॉट आहे, ओढली की अजून टाइट होते!" तो वरून अभिमानाने ओरडला. विळा आणायला माणूस पाठवेपर्यंत चौकात पांढरी गाडी येऊन थांबली.

राजाभाऊ उतरला. त्याच्यामागे उंच, सावळे, करड्या मिशांचे कुरियन सर. दोघांनी वर पाहिलं.

राजाभाऊ काय समजायचं ते एका क्षणात समजला. त्याने फ्लेक्सकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, रिबीन बांधलेल्या आरामखुर्चीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा नुसता उतरला.

कुरियन सरांना देवनागरी वाचता येत होतं. ते सावकाश, एकेक अक्षर लावत वाचू लागले. "नि-वृ-त्ती... रिटायरमेंट? कौन रिटायर हो रहा है?"

मी वर पाहिलं. दोरी सुटल्यामुळे फ्लेक्सची उजवी बाजू घडी होऊन मागे लोंबत होती. राजाभाऊचा फोटो गायब! नाव गायब! उरल्या त्या शुभेच्छा, आणि उरलो मी. हेल्मेटसकट.

"जी, मैं!" मी हात वर केला. "मैं रिटायर हो रहा हूँ!"

"ओह!" कुरियन सरांचा चेहरा खुलला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बहुत बधाई! आप भी सायकलिस्ट?"

"लय मोठा!" अण्णा मध्येच म्हणाले. नीताने ताटासकट तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

मग माझा सत्कार झाला, मंडळी. शाल कुरियन सरांनी स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर घातली. मला आरामखुर्चीत बसवलं. ती झुलायला लागली आणि मी नारळासकट मागे गेलो. अण्णांनी भाषण केलं. "साठेसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुनाला वरटेक केलं न्हाई, आनि चढाला सायकलीवर वजन टाकलं न्हाई. आशी मानसं आता व्हनार न्हाईत!" टाळ्या. राजाभाऊच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून आलं होतं, पण कुरियन सरांना वाटलं, गुरूच्या निरोपाने आलंय.

मग मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, माझं सोडा, राजाभाऊबद्दल बोलतो. आणि खरोखरच बोललो. तो पडला तेव्हा आम्ही कसे जेवलो नव्हतो, तो घाट चढतो तेव्हा आमच्या पोटऱ्या कशा दुखतात, सगळं. शेवटी, जित्याची खोड, विचारलंच. "बस एक बात समझ में नहीं आयी सर, उससे पानी क्यों बँटवाते हो?"

कुरियन सर हसले. म्हणाले, ते काम टीममधल्या सगळ्यात भरवशाच्या माणसालाच देतात. मागे जायचं, पुन्हा सगळ्यांना गाठायचं, स्वतः वारा अंगावर घेऊन पोरांना आपल्या आडोशाने पुढे न्यायचं, कुणाला कधी पुढे सोडायचं ते ओळखायचं. "उस दिन जो लड़का जीता ना, आधी जीत इसकी है. ऐसा आदमी मैं छोड़ूँगा?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि ती झुलवण्यात लक्ष घातलं.

चार दिवसांनी राजाभाऊ डबाभर लाडू घेऊन घरी आला. करार झाला होता. एक नाही, चांगले दोन सीझन! नीताने त्याच्या हातावर साखर ठेवली. मी नुसता त्याच्या पाठीवर थापा मारत राहिलो.

"माझ्या वाट्याची निवृत्ती तुम्ही घेतलीत, साठेसाहेब," तो म्हणाला. "उपकार झाले."

तुम्हाला वाटेल, संपलं. अहो, ती मंदारची गाठ! फ्लेक्स आठवडाभर तसाच लटकत होता, आणि सिंहगड रोडला जाणारायेणारा प्रत्येक जण तो वाचत होता. ऑफिसात साहेबांनी बोलावून विचारलं, राजीनामा देताय तर आधी सांगायचं नाही का? साताऱ्याच्या मावशींनी फोन करून पेन्शन बसली का म्हणून चौकशी केली.

आणि शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी, दोघंही ऐंशीच्या घरातले, हातात गुलाबाचं फूल.

"अभिनंदन! सोमवारपासून बागेत हास्यक्लबला यायचं. आम्ही तुमची जागा धरून ठेवली आहे."

"अहो, काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हणालो. "मला अजून पन्नाशीसुद्धा लागलेली नाही!"

अध्यक्षांनी चष्मा वर सारून मला टकलापासून चपलेपर्यंत नीट पाहिलं, आणि सेक्रेटरींच्या कानाकडे वाकून म्हणाले, "सुरुवातीला सगळेच असं म्हणतात."