दारामागचा ओला हात

दारामागचा तो हळदीचा हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी कळव्याला उपनिरीक्षक होतो.

एका नवऱ्याने बायको बेपत्ता झाल्याची तक्रार दिली. इस्त्रीचा शर्ट, मवाळ बोलणं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारणीचा फोन आला. "साहेब, ती सापडली तर त्याला सांगू नका. मागे त्यानं तिची करंगळी मोडली, ती वाकडीच राहिली." घरगुती भांडण समजून मी डायरीत दोन ओळी लिहिल्या आणि घर दाखवायला त्यालाच सोबत घेऊन तिच्या माहेरी, मानपाड्याकडे गेलो. चूक माझीच.

दारात म्हातारी आई. "पोर नाय इथं, साहेब. दिवालीपासून नाय आली."

मी आत शिरलो, दारामागे पाहिलं. सासरी निघताना, किंवा जिवावर बेतलं की, मुलीने भिंतीवर हळदीचा हात उमटवायचा, तो तिला राखतो, अशी त्या घरची समजूत. घराण्यातला मी पहिला पदवीधर, असल्या ठशांना अडाणीपणा म्हणायचो. एक ठसा जुना, फिकट, पाची बोटं सरळ. शेजारी दुसरा, पिवळाजर्द. त्याची करंगळी वाकडी. हळद अजून ओली होती.

म्हणजे ती घरातच होती. आणि नवरा उंबऱ्यात चप्पल काढत होता.

"आई, घाबरता कशाला? मी तिला न्यायलाच आलोय," तो हसत म्हणाला. हवालदार बाहेर जीपपाशी. मी मागे सरकून त्या ठशाला पाठ लावली.

"इथे कोणी नाही. चला, तुमचा जबाब पुरा करायचाय."

त्याने आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग वळला. जीपपर्यंत मी त्याला पुढेच ठेवलं.

पोलीस ठाण्यात तो बाकावर बसून राहिला, तोवर साध्या वेशातल्या महिला शिपायांनी मुलीला सुखरूप हलवलं. तिचा जबाब, डॉक्टरांचा दाखला, आणि संध्याकाळी त्याच्यावरच गुन्हा. हवालदार म्हणाला, "साहेब, पाठीवर थाप कोणी मारली?" खाकीवर पाच बोटं उमटली होती.

"हातानं राखली हो पोर," म्हातारी नंतर म्हणाली. मी वाद घातला नाही. त्यानंतर तक्रारदाराला सोबत घेऊन कधी बाई शोधायला गेलो नाही. शेजारणीने करंगळीचं सांगितलं नसतं तर, "हा ताजा ठसा कोणाचा?" असं मीच त्याच्यासमोर मोठ्याने विचारलं असतं. त्या विचाराने आजही घाम फुटतो.