न दिसणाऱ्या धुराचं वजन

कवठे येमाईच्या हरिबाचा संपत सणसवाडीच्या एका इंजिन कारखान्यात धूर तोलायचा. हे ऐकून हसला नाही असा माणूस गावात नव्हता. खुद्द हरिबा चावडीवर बसून सांगायचा, की मी मेंढरू नुसतं उचलून वजन सांगायचो, आन् आमचं येडं एसीत बसून हवा तोलतंय, वर पगार घेतंय.

काम तसं चमत्कारिकच होतं. इंजिनाचा धूर स्वच्छ हवेत मिसळून एका गोल फिल्टर पेपरातून ओढायचा, पेपरचं आधी आणि नंतर वजन करायचं, वाढेल ती काजळी. जुन्या इंजिनांचे पेपर तव्याच्या बुडासारखे निघत. नव्या इंजिनाचा मात्र गेला तसा पांढराफेक परत येई. म्हणून काटा असा नाजूक, की खोलीत कुणी शिंकलं तरी आकडा बोंबलत सुटायचा. पावडर, तेल, अत्तर सगळं बंद. डोक्याला टोपी, अंगात पांढरा कोट. खोलीत कुणी घाण केली तर कळावं म्हणून काट्याशेजारी एक कोरा पेपर कायम ठेवलेला असे. तो इंजिनाचं तोंडही बघत नसे.

दोन हजार चार साली नव्या इंजिनाची शेवटची चाचणी लागली. तीत तोलण्यात चूक झाली नाही की संपतला पर्मनंट करतो, असं मोठे साहेब म्हणाले होते. कैक वर्षं टेम्पररीत घासलेल्या संपतला मग दुसरं काही सुचेना. त्यानं ते आईलाही सांगून टाकलं, आणि तिथंच घोळ झाला.

चाचणीच्या सकाळी म्हाळसाबाईनं लेकाच्या कपाळावर बचकभर भंडार फासला. ती हळद संपतनं कारखान्याच्या नळावर साबणानं घासून काढली, कानसुद्धा धुतले. पण धुवायला घरी आणलेल्या कोटावरही माउलीनं खंडोबाचं नाव घेऊन चिमूटभर उधळला होता, ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार.

पेपर पांढरा आला, वजन मात्र हद्दीबाहेर. साहेबांचं डोकं फिरलं. इंजिन जोडणारा स्वराज, पाबळचा, संपतच्याच डब्यातली भाकरी खाणारा, त्याला त्यांनी सगळ्यांदेखत सोलून काढलं. उद्यापासून गेटवर दिसू नकोस म्हणाले.

संपत खोलीत परतला. उगाच म्हणून त्यानं कोरा पेपर काट्यावर ठेवला, तर तोही जड झालेला. त्यानं कोटाची बाही उलटी केली. शिवणीत पिवळं होतं. गप्प बसलं तर पर्मनंट आपलं, आणि स्वराज घरी. त्यानं आधी स्वतःला शिव्या घातल्या, मग देवालाही दोन हासडल्या, आणि कोट काखेत मारून साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"सायेब, स्वराजला काढू नका. काजळी इंजिनाची न्हाई, आमच्या खंडोबाची हाय."

साहेबांनी बाहीची शिवण स्वतः उलटून बघितली. मग खोली पुसली, पेपर बदलले, पुन्हा चाचणी घेतली. इंजिन पास झालं, स्वराज राहिला. कोट यापुढं कारखान्यातच धुवायचे असा नियम निघाला आणि संपतचं पर्मनंट पुढच्या वर्षावर गेलं.

घरी आईला त्यानं भंडाराचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की इंजिन पास झालं, माझं लांबलं.

"तरी मला वाटलंच, भंडार कमी पडला," म्हाळसाबाई म्हणाली आणि डबी आणायला उठली.

संपतनं निमूट मान वाकवली.