पिवळ्या ट्रेवरचं नाव

शनिवार, पहिली शिफ्ट, चाकण. हजर: मी, शिफ्टचे प्रमुख शेखभाई, लाइनवरची माणसं आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे आमचे प्रोग्रामर.

ताटकळण्याचा एवढा कट्टर वैरी पृथ्वीवर दुसरा नसेल. आकुर्डीच्या टपरीवर वडापाव सांगून हे समोर पंखा दुरुस्तीला टाकायला जातात. वडा तळला की टपरीवाल्याने हाक मारायची. बायकोला विचारतात, "रविवारी कुठं जायचं? उत्तर आत्ता नको, प्रश्न मिळाला एवढंच सांग." वहिनी म्हणतात, "मिळाला. आता कचरा टाकून या."

कारखान्यासाठी लिहिलेला त्यांचा प्रोग्रामही असाच. पूर्वी प्रत्येक पार्ट स्कॅन झाला की यंत्र सर्व्हरला विचारायचं, "हा चालेल का?" आणि उत्तर येईपर्यंत अख्खी लाइन उभी. यांनी ठरवलं, यंत्रानं प्रश्न टाकावा, पार्ट बाजूला सरकवून पुढचा घ्यावा. उत्तर येईल तेव्हा आपला पार्ट शोधेल. मात्र प्रत्येक प्रश्नाला मुदत हवी; तोवर उत्तर आलं नाही तर तो प्रश्न रद्द. त्या शनिवारी याची चाचणी होती; ती फसली असती तर कारखाना जुन्या पद्धतीवर जाणार होता आणि यांचं वर्षभराचं काम अडगळीत.

"सर्व्हरची केबल काढू का, साहेब?" शेखभाईंनी विचारलं. "काढा." लाइन थांबली नाही. मुलीचं लग्न ठरल्यासारखा यांचा चेहरा झाला. केबल परत लावली, उत्तरं भराभर आली, पण पार्ट जागेवर नव्हते. "बाजूला पडलेला माल आम्ही बाद समजून लाल पेटीत टाकतो, राव," शेखभाई म्हणाले. "इथं हिरवी पेटी, नाहीतर लाल. तिसरं काय असतंय?"

प्रोग्राममध्ये तिसरं होतं: 'उत्तर यायचंय.' कारखान्यात त्याला जागाच नव्हती. मी म्हटलं, "सोमवारी बघू." "आजच," म्हणाले आणि तिसऱ्या जागेसाठी एक ट्रे रंगवायला पिवळा रंग आणायला निघाले. तोही चाकणची दुकानं सोडून काळेवाडीहून, कारण तिथला दुकानदार फोन केला की डबा काढून ठेवतो. दुपारी ओल्या ट्रेसकट चाचणी पास झाली. शेखभाईंची बाही पिवळी झाली, ती ते अजून दाखवतात.

ट्रेवर मी 'थांबलेले' लिहायला घेतलं, तर प्रोग्रामर हात धरून म्हणाले, "थांबलेले नाहीत हो ते. नाव कळवतो."

पुढे ते दुसऱ्या गावच्या कामावर गेले. शेजारचं टेबल रिकामं आहे. मी अधूनमधून मेसेज टाकते, "ट्रेवर काय लिहू?" लगेच येतं, "मिळाला. उत्तर येईल." या प्रश्नाला मुदत मी घातलेली नाही. ब्रश धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवलाय. नाव लिहायचं राहिलंय.